दोन सूत

चंपाक्का होगाडेनं मला तीनदा बोलावलं.
वडगावात, कारभार गल्लीच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये
चार माग. खिडकीकडचा तिचा.
"बसवंत, ताणा वाकतोय बघ की रे.
मधोमध. पाण्यात काठी घातल्यागत."

बीम बघितला. दाते मोजले. पट्टा सैल होता, ओढला.
पाणसळ ठेवली, तिच्यातला बुडबुडा
शहाण्या पोरासारखा मधे येऊन बसला.
"माग सरळ हाय, अक्का."
"मग मी वाकडी काय?"
शेडमधल्या सगळ्या हसल्या. मीही.

दुसऱ्या खेपेला ऐकेचना.
फणी सरकव म्हणाली,
अजून जरा, अजून, हां, आता सरळ.
दोन सूत सरकवली मी.
गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं, वाद कशाला.
त्या आठवड्याच्या सहा साड्या
शहापूरच्या व्यापाऱ्यानं परत पाठवल्या.
काठ तिरका, पोत विरळ.
मजुरी कापली. तिनं कुणाला बोल लावला नाही,
पदरानं डोळा तेवढा पुसत राहिली,
काच पुसावी तसा.

तिसऱ्यांदा मलाच काही सुचेना.
बिघाड सापडला नाही की आमची रीत एकच,
एकेक भाग बंद करायचा, उरलेला चालवून बघायचा.
थट्टेत म्हटलं, एक डोळा झाक.
तिनं डावा झाकला. "वाकडा."
उजवा झाकला.
चारी माग चालू होते, खटखट खटखट,
तरी मला शेड गप्प झाल्यासारखी वाटली.
"अगोबाई," ती म्हणाली, "सरळ हाय की."

खडेबाजारात चष्मा झाला. अकराशे रुपये.
चष्म्यातनंही ताणा वाकलाच.
दिवाळीचं काम होतं, मग लग्नसराई,
मग सून बाळंत.
उजव्या डोळ्यात एक करडा डाग येऊन बसला,
माशी समजून ती हाकलायची.

नेहरूनगरच्या दवाखान्यात मीच नेलं,
पोरगा उद्यमबागेत पाळीवर.
भिंतीवरचा तक्ता कानडीत.
तिला वाचता येतं ते मराठी, तेही चौथीपर्यंतचं.
मग तीन बोटांचा तक्ता काढला,
बोटं कुणीकडं, ते हातानं दाखवायचं.
डाव्या डोळ्यानं सगळी दाखवली.
उजव्याला हात नुसता हवेत.

थेंब घातले. डॉक्टरीणबाई
बराच वेळ वाकून बघत राहिल्या.
मग दिवा बंद केला, आणि डोळ्याचं
काहीच विचारलं नाही.
"नोवु? कुठं दुखतंय?"
"इल्ला."
"वजन?"
"पोलकं सैल झालंय तेवढं."
"छातीत कुठं गाठ?"

गाठ.
धागा तुटला की दोन टोकं घ्यायची, थुंकी लावायची,
बोटावर पीळ देऊन दातानं शेपूट तोडायचं.
दिवसाला शंभर गाठी मारणारी बाई
त्या शब्दापाशी थांबली.
माझ्याकडं बघितलं. मी बाहेर गेलो,
तिची पिशवी नि चपला घेऊन.
चपला कशाला घेतल्या, अजून कळत नाही.

दारातनं ऐकू आलं ते एवढंच.
चिंचोक्याएवढी. वर्ष झालं. दुखत नव्हती.
आणि डॉक्टरीणबाई, हळू, अडखळत्या मराठीत,
डोळ्यात दिसतंय ते डोळ्याचं नाही, अक्का,
दुसरीकडनं आलंय.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर बघायला गेलो.
डोक्याला रुमाल. उशीला टेकून
खिडकीच्या गजांकडं बघत होती,
एक डोळा झाकून. मग दुसरा.
मला म्हणाली, "सुनेला बसवायचंय मागावर.
फणी परत सरळ केलीस काय रे?"
"केली," म्हटलं.

रात्री किल्ली मागून शेड उघडली.
बॅटरी दातात धरली, पाना लावला.
दोन सूत.
नट गंजला होता, हलेना.